काठीची पाळी

खराडीत कुणाला घराण्याचा इतिहास विचारला, तर आधी जमिनीची फाइल बाहेर येते. १९९७ साली पुणे महापालिकेत जाईपर्यंत हे हवेली तालुक्यातलं, मुळा-मुठेच्या काठचं शेतीचं गाव होतं. पुढे शेतांच्या जागी आयटी पार्क उभे राहिले आणि सातबारा, फेरफार, खातेफोड, हरकत हे शब्द इथल्या पोरासोरांच्याही तोंडी बसले. जमिनीचा कुठलाही व्यवहार करायचा तर तिचा मागचा माग काढावा लागतो. ती कुणाकडून कुणाकडे आली, मधे कुणाचा वारस राहिला, कुठला शेरा कमी झाला, कुठला तसाच राहिला. हे शोधून वकिलाला सर्च रिपोर्ट करून देणारी बरीच माणसं नगर रस्त्याच्या या टोकाला काम करतात.

त्यांच्यातल्या एका बाईंची ही हकीकत. आधी त्या वकिलांच्या कचेरीत टायपिंग करायच्या. तलाठी कार्यालय, तहसीलची रेकॉर्ड रूम, दुय्यम निबंधकांचं ऑफिस असं फिरता फिरता त्यांना जुन्या कागदांची गोडी लागली. साधारण शंभर वर्षं मागे गेलं की बाळबोध अक्षर विरळ होतं, मोडी सुरू होते आणि बहुतेकांचा शोध तिथे थांबतो. बाई थांबल्या नाहीत. वि. का. राजवाड्यांनी १९१० साली उभं केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ शहरातच आहे. तिथल्या मोडीच्या वर्गाला जाऊन त्यांनी हात बसवला, आणि मग जमिनीचे शोध करता करता माणसांचेही करू लागल्या.

२०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आधी मराठवाड्यात, नंतर राज्यभर. गावोगावची कोतवाल बुकं आणि शाळांची जनरल रजिस्टरं कपाटांतून निघाली, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. बाईंकडेही माणसं यायची. जातीची नोंद सापडली की बहुतेक जण समाधानानं उठून जात. काही मात्र बसून राहत आणि कागदाकडे बघत विचारत, "ताई, पण हा माणूस करत काय होता?"

हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. ब्रिटनमध्ये १८४१ पासूनच्या जनगणनेत माणसाच्या नावापुढे त्याचा धंदा लिहिलेला असतो, आणि शंभर वर्षं उलटली की ती पत्रकं लोकांसाठी खुली होतात. १९२१ ची २०२२ साली खुली झाली. पहाटे गिरणी कामगारांच्या खिडक्यांवर काठीनं टकटक करून त्यांना उठवणारा माणूससुद्धा तिथल्या नातवंडांना असा नावानिशी सापडू शकतो. आपल्याकडे १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, तरी व्यक्तीवार पत्रकं शोधणाऱ्याच्या हाती लागत नाहीत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावं मिळतात, दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत हेळवी वंशावळ सांगतात. पण काम? ते सगळ्यांना ठाऊकच असे, मग लिहायचं कशाला? जे रोज डोळ्यांसमोर होतं तेच कागदातून निसटलेलं आहे.

आणि लिहिलेलं असलं तरी फसगत ठरलेली. एका गृहस्थांच्या कागदावर पूर्वजाच्या नावापुढे 'मोकदम' होतं. ऊसतोडणीच्या टोळीचा मुकादम डोळ्यांसमोर आल्यानं त्यांचा चेहरा पडला होता. शिवकालीन आणि पेशवाईतल्या पत्रांत मोकदम म्हणजे गावचा पाटील, हे कळल्यावर ते खुर्चीत सरसावून बसले. दुसऱ्या एका घरात उलटं झालं. आजोबा 'कोतवाल' होते एवढं ठाऊक होतं, म्हणून घरच्यांनी त्यांना नाना फडणवीसांच्या काळातल्या, १७९१ साली जमावानं दगडांनी ठेचून मारलेल्या घाशीराम कोतवालाच्या पंक्तीत बसवलं होतं. पुणे शहराचा कोतवाल म्हणजे पोलिसांचा सर्वाधिकारी. आजोबा होते ते तलाठ्याच्या हाताखालचे, दवंडी देणारे, नोटिसा पोचवणारे गावकामगार.

पोतदारांचं उदाहरण बाई फार आवडीनं सांगतात. एका कुटुंबाला खात्री होती, की आपले पूर्वज कुठल्याशा संस्थानाचा खजिना सांभाळत. कागदांवरून दिसत होतं ते असं, की साऱ्याचा हप्ता आला की हा माणूस चावडीत येऊन बसे आणि रयतेनं आणलेलं प्रत्येक नाणं पारखून घेई. आज ते काम कशासाठी लागे हेच डोळ्यांसमोर येत नाही. त्या काळी पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, हैदराबादकडचा हाली असे नाना रुपये एकाच बाजारात फिरत. प्रत्येकाची चांदी वेगळी, झीज वेगळी, म्हणून बट्टा वेगळा. खोटं नाणं सरकारात भरलं गेलं तर जाब कुणी द्यायचा? म्हणून पारखी हवा, आणि त्याचा त्याबद्दल हक्क. १८३५ च्या कायद्यानं कंपनीचा एकसारखा रुपया आला, जुनी नाणी हळूहळू बाजारातून गेली आणि नजरेनं, वजनानं, आवाजानं चांदी ओळखण्याची विद्या गावाला नकोशी झाली. आडनाव तेवढं उरलं. त्या कुटुंबातली मुलगी खराडीतल्या एका कंपनीत ऑनलाइन पैसे फिरवण्याच्या व्यवहारातला खोटेपणा हुडकते. हे ऐकून बाईंना जो आनंद झाला तो त्यांनी लपवला नाही.

या सगळ्या शोधांतून त्यांची एक रीत ठरली. कामाचं नाव कागदात नसेल, किंवा असून कळत नसेल, तर ते बाजूला ठेवायचं आणि मोबदला वाचायचा. माणसाला काय मिळे, कुणाकडून मिळे, कधी मिळे? महिन्याच्या महिन्याला रोख असेल तर तो सरकारचा किंवा दरबारचा नोकर. सुगीला खळ्यावर धान्य मिळत असेल तर तो गावाचा बलुतेदार. जमीन मिळाली असेल तर ती कोणत्या अटीवर, हे बघायचं. नावाला खोटं बोलता येतं, आडनाव तर बदलताही येतं. मोबदला मात्र सहसा काम सांगून जातो. या रीतीची खरी कसोटी लागली ती काठीच्या प्रकरणात.

खराडीतल्या एका मोठ्या गृहसंकुलात राहणारा एक तरुण इंजिनिअर आपल्या वडिलांना घेऊन बाईंकडे आला. मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. प्लास्टिकच्या पिशवीत घड्या पडून चिरत चाललेला एक स्टॅम्प पेपर होता, १९२० च्या दशकातला, मोडी अक्षराचा. घरात सांगितलं जाई की आपल्या घराण्याकडे काठी होती, म्हणजे पूर्वज सातारच्या छत्रपतींच्या दरबारी चोपदार होते. मुलाला आपल्या लेकीसाठी वंशावळ करायची होती आणि त्या नावापुढे 'चोपदार' लिहायच्या आधी पुरावा हवा होता. वडील बाजूला शांत बसून होते.

कागद म्हणजे भावकीतला करार होता. काठी कुणी कोणत्या साली धरायची, याची पाळी त्यात ठरवून दिली होती. काठी हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता, पण ती धरून करायचं काय, हे एकदाही आलेलं नव्हतं. लिहिणाऱ्या कुलकर्ण्याला ते ठाऊक, अंगठा देणाऱ्यांनाही ठाऊक. कागद आणखी शंभर वर्षं जुना असता तर सहीच्या जागच्या निशाणीनं कदाचित मदत केली असती. तेव्हा कुणबी-पाटील नांगराची निशाणी करी, न्हावी आरशाची. विसाव्या शतकातला सरसकट डावा अंगठा तेवढं सांगत नाही.

पहिली शंका सनावरूनच आली. सातारचं राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केलं. मग ऐंशी वर्षांनंतर भावकीत दरबारच्या काठीची पाळी लागेल कशी? तरुणाचं म्हणणं, मान म्हणून काठी घरात राहिली असेल, देवाच्या पालखीपुढे धरत असतील. तेही होऊ शकतं. म्हणून बाई मोबदल्याच्या ओळींकडे वळल्या. ज्याची पाळी त्यानं त्या सालचं बलुतं घ्यावं, सुगीच्या पेंढ्या घ्याव्यात, घरोघरच्या भाकरी घ्याव्यात, हाडोळ्याच्या, म्हणजे चाकरीपोटी मिळालेल्या जमिनीच्या, तुकड्याची वहिवाट मात्र सगळ्यांनी वाटून करावी. दरबारी चोपदाराला खजिन्यातून वेतन मिळतं, पोशाख मिळतो. त्याला शेतकऱ्याच्या खळ्यावरून पेंढ्या मिळत नाहीत आणि रात्री भाकरी गोळा करायला तो दारोदार जात नाही. करारातल्या सर्वांत जुन्या पिढीतल्या नावांच्या शेवटी 'नाक' होतं. हाच प्रत्यय खराडीहून नगर रस्त्यानं पुढे गेल्यावर पेरण्याजवळ लागणाऱ्या, १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या विजयस्तंभावर महार शिपायांच्या नावांना दिसतो.

काठी दरबारची नव्हती. ती येसकराची होती.

बाईंनी हे त्या दिवशी सांगितलं नाही. अशी गोष्ट अंदाजावर कुणाच्या घरात टाकायची नसते, हा त्यांचा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. दहिवडीच्या तहसील कचेरीतल्या जुन्या नोंदींच्या नकला मागवल्या गेल्या. गाव नमुना तीन, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, त्यात तो तुकडा सापडला. शेरा होता इनाम वर्ग ६ ब. सरकारउपयोगी कनिष्ठ गावनोकरांच्या, म्हणजे महार-रामोशांच्या चाकरीपोटी दिलेल्या जमिनी या वर्गात येतात. सुतार-लोहार-न्हावी अशा रयतेच्या उपयोगी बलुतेदारांसाठी ६ अ. नदीपलीकडच्या मुंढव्यातल्या महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार २०२५ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा हा शब्द पुण्यातल्या पुष्कळांनी प्रथमच ऐकला. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत असा शेरा दिसला की वकील त्यात अडचण बघतो, बिल्डर किंमत बघतो. तो शेरा म्हणजे कुणाच्या तरी खापरपणजोबाच्या कामाची उरलेली एकमेव सरकारी नोंद असू शकते, हे मात्र कुणी बघत नाही.

एक गाठ तरीही सुटत नव्हती. त्याच पूर्वजाच्या मुलाच्या शाळेच्या रजिस्टरात वडिलांचा धंदा 'मजुरी' लिहिला होता. येसकर की मजूर? दोन्ही खरं होतं. वतन एकाचं नसे, भावकीचं असे, आणि एकेक साल एकेका घराकडे पाळी जाई. पाळी नसलेल्या साली तो माणूस मजुरी करी, खडी फोडी, माणदेशात दुष्काळ पडला की मुंबईची गिरणी गाठी. वंशावळीत एका नावापुढे एकच धंदा लिहायची जी हौस असते, तिला या लोकांचं आयुष्य पुरून उरतं.

मग येसकर करायचा तरी काय? महसूल खात्यात चाकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाड्या'त या कामांचा तपशील दिला आहे, आणि तो वाचताना श्वास कोंडतो. रात्री गावाची वेस राखायची, नव्या आल्यागेल्यावर नजर ठेवायची, चावडी झाडायची, पाटलानं सांगितलं की माणसं बोलावून आणायची. साऱ्याची रक्कम तालुक्याला जाताना बरोबर चालायचं, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचं, अंमलदार आला की त्याच्या घोड्याला वैरण-पाणी बघायचं. कुणाच्या घरी माणूस गेला की सोयऱ्यांच्या गावी पायी सांगावा न्यायचा, ऊन असो की पाऊस. मेलेलं जनावर ओढायचं. आणि या सगळ्यात एक काम असं, ज्यात अख्खं गाव त्याच्या शब्दावर अवलंबून असे. गावाची शीव कुठून कुठे जाते हे त्याला पाठ असे. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. ज्याला वेशीच्या आत घर नव्हतं, त्याच्याच स्मरणात गावाचा नकाशा होता.

कागदावर याला हक्क म्हटलं आहे. व्यवहारात ती वेठ होती. दिवसरात्र केव्हाही बोलावणं यावं, नाही म्हणायची सोय नसावी आणि बदल्यात पेंढ्या, त्याही शेतकऱ्याच्या मर्जीनं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही बोट नेमकं मोबदल्यावर ठेवलं होतं. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात मांडलं. बलुत्याऐवजी रोख रक्कम मिळावी, ज्याला चाकरी नको असेल त्याला जमीन ठेवून तीतून मोकळं होता यावं, असा त्याचा रोख होता. ते विधेयक त्यांना पुढे मागे घ्यावं लागलं. खराडीत आलेला तो भावकीचा करार याच दशकातला. म्हणजे मुंबईत ज्या पद्धतीवर वाद चालू होता, तीच माणमध्ये स्टॅम्प पेपरवर वाटून घेतली जात होती, कारण जगायला दुसरं काही नव्हतं. कनिष्ठ गाववतनं कायद्यानं संपली ती १९५८ च्या कायद्यानं. त्याआधी १९५६ च्या धर्मांतरानंतर पुष्कळ गावांत लोकांनी हे काम आपणहून टाकून दिलं होतं.

नकला आल्यावर बाप-लेक पुन्हा आले. बाईंनी कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. करार, नमुना तीन, शाळेची नोंद. तरुण गप्प झाला. बोलले ते वडील. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "चोपदार मीच सांगितलं होतं याला."

पाचवीत असताना मुलाला वर्गात कुणीतरी आजोबांचं काम विचारलं होतं. घरी येऊन त्यानं तेच विचारलं तेव्हा वडिलांच्या तोंडून चोपदार हा शब्द निघून गेला. काठी तर होतीच, फक्त ती उचलून दरबारात ठेवली. आपल्या आजीकडून त्यांनी ऐकलेलं वेगळं होतं. काठीला घुंगरं असत. अंधार पडल्यावर त्यांचा आवाज आळीत आला की घराघरातली बाई भाकरी काढून ठेवी. पाळीच्या साली घरात पोट भरे आणि माणूस घरात नसे. एका पावसाळ्यात मयतीचा सांगावा घेऊन गेलेला त्यांचा पणजोबा ओढ्याला पूर आल्यानं दोन दिवस पलीकडे अडकला होता, आणि आल्यावर पाटलानं आधी चावडी झाडली नाही म्हणून शिव्या दिल्या होत्या. हे सगळं त्यांनी सांगितलं ते सरळ, आवाज न चढवता. मुलगा पहिल्यांदाच ऐकत होता.

मराठी वाचकाला हे काम अनोळखी नाही. शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' हे आत्मकथन १९८१ चं. तराळ हे त्याच कामाचं माणदेशाकडचं नाव. आटपाडीचे खरात पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि आत्मकथनाच्या नावात त्यांनी आपल्या घरचं काम सर्वांत पुढे ठेवलं. दया पवारांच्या 'बलुतं'चं तर नावच मोबदल्याचं आहे. पण पुस्तकातला तराळ वाचणं वेगळं आणि आपल्या आडनावाच्या वरच्या ओळीत तो सापडणं वेगळं. त्यासाठी त्या तरुणाला थोडा वेळ लागला.

वंशावळीत काय लिहायचं, यावर बरंच बोलणं झालं. 'महार वतनदार' एवढं पुरे, असं वडिलांचं मत. बाईंचं म्हणणं पडलं, की ती जात झाली आणि हक्क झाला, काम कुठे आलं? अखेर त्या नावापुढे लिहिलं गेलं : येसकर, पाळीनं. वेशीचा पहारा, साऱ्याची सोबत, टपाल, मयतीचा सांगावा, शिवेची साक्ष. इतर वर्षी मजुरी. मोबदला बलुतं, भाकरी, हाडोळ्यातला वाटा. चोपदार हा शब्द खोडला नाही. खाली टीप दिली, की हा शब्द घरात केव्हा आणि कशासाठी आला. ही टीप वडिलांनी स्वतःच्या हातानं लिहिली. या वंशावळीतली सर्वांत मोलाची ओळ तीच आहे, असं हे सारं ऐकणाऱ्याला वाटतं. पूर्वजाचं काम जितकं खरं, तितकंच ते झाकावं लागणंही खरं, आणि पुढच्या पिढीला दोन्ही कळलं पाहिजे.

बाईंकडे आता असे कागद घेऊन येणारे वाढले आहेत. त्या प्रत्येकाला आधी घरच्या म्हाताऱ्या माणसांकडे परत पाठवतात. १९५८ च्या आधीचं गावकाम ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ती माणसं आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना 'आपले पूर्वज कोण होते' असं विचारू नये, कारण त्याचं उत्तर बहुधा सरदार किंवा चोपदार असं येतं. घरात धान्य कुठून यायचं, कोण मोजून द्यायचं, रात्री बोलावणं कुणाचं यायचं, असं विचारावं आणि ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावं. ट्रंकेत मोडी कागद असतील तर ते लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टी लावू नये, घडीवर घडी घालू नये. धुतलेल्या सुती कापडात सपाट ठेवावेत, फोटो काढून मोडी जाणणाऱ्याला दाखवावेत, आणि वाचून घेताना मोबदल्याची ओळ सुटू देऊ नये.